भुसावळजवळच्या एका घराची दुरुस्ती: उन्हाच्या प्रदेशात कामांचा क्रम कसा ठरला

हे प्रकरण भुसावळजवळच्या एका वसाहतीतील साध्या घराचे आहे. घर १९९२ साली बांधलेले, सुमारे ९०० चौरस फुटांचे, केवळ तळमजल्याचे आणि पूर्वाभिमुख. भिंती नऊ इंची विटांच्या, वर पाच इंची आरसीसी स्लॅब आणि स्लॅबवर दोन इंची सिमेंटचा थर, जो तीस वर्षांच्या उन्हाने जागोजाग पोकळ झाला होता. घराचे मालक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ; त्यांना मी काका म्हणतो. घरात त्यांची पत्नी (काकू), ऐंशीच्या घरातील आई (आजी), मुलगा, सून (वहिनी) आणि दोन नातवंडे. निवृत्तीच्या रकमेतून पाच लाख रुपये घरासाठी बाजूला काढलेले होते आणि पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येण्यापूर्वी घर ‘नवे’ व्हावे अशी काकांची इच्छा होती. मी बांधकामाची देखरेख व दुरुस्तीचा सल्ला देतो. मला त्यांनी मे २०२३ मध्ये बोलावले.

माझ्या हातात जी यादी ठेवण्यात आली ती अशा कुटुंबांत नेहमी दिसते तशीच होती. मॉड्युलर स्वयंपाकघर दोन लाख दहा हजार, दोन एसी व त्यांचे वायरिंग एक लाख पंधरा हजार, सर्व खोल्यांना पीओपीचे छत सत्तर हजार, आतून-बाहेरून रंग नव्वद हजार, पुढची कुंपणभिंत व फाटक ऐंशी हजार, आणि सर्वांत शेवटी, जणू आठवले म्हणून लिहिलेले, ‘स्लॅबला केमिकल’ पंचवीस हजार. एकूण पाच लाख नव्वद हजार. काकांचा प्रश्न सरळ होता: यातले नव्वद हजारांचे काय गाळावे?

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. दुपारी तीनला आलो होतो, रात्री अकरापर्यंत थांबण्याची परवानगी मागितली आणि आजींच्या खोलीत, स्वयंपाकघरात व गच्चीवर आळीपाळीने बसलो. उन्हाळ्यातील घराची तपासणी सकाळी दहा वाजता करून काहीही कळत नाही, असे माझे मत आहे; सकाळी दहाला खान्देशातले प्रत्येक घर बरे वाटते.

सावलीतील तापमापकात तीन वाजता ४४ अंश होते, म्हणजे आमच्या भागातला मेचा साधा दिवस. इन्फ्रारेड तापमापकाने पाहिले तर गच्चीचा पृष्ठभाग तीनच्या सुमारास ६३ अंशांवर होता. मात्र घरातील छताचा खालचा पृष्ठभाग तेव्हा तेवढा तापलेला नव्हता; तो संध्याकाळी साडेसहाला ४३ अंशांवर पोहोचला. काँक्रीट उष्णता पिऊन घेते आणि पाच इंच जाडीतून ती खाली उतरायला तीन-चार तास लागतात. त्यामुळे बाहेर वारा थंड होऊ लागतो त्याच वेळी घरातल्या माणसांच्या डोक्यावर तव्यासारखे छत असते. पंखा लावला तरी बरे वाटत नाही, असे जे सर्व जण सांगत होते त्याचे कारण हेच होते. पंखा हवा हलवतो. छतातून येणारी धग तो अडवू शकत नाही. पश्चिमेच्या भिंतीचे वेळापत्रक याहून उशिराचे होते. नऊ इंची विटेतून दुपारचे ऊन सहा-सात तासांनी आत उतरत होते, आणि रात्री साडेदहाला, आजी ज्या भिंतीला लागून झोपत त्या भिंतीचा आतला पृष्ठभाग ४० अंश होता.

खान्देशात गच्ची आणि पश्चिम भिंत हीच मुख्य संकटे का, याला भूगोलाचे स्पष्ट कारण आहे. जळगाव-भुसावळ हा पट्टा सुमारे २१ अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. शाळांमधून ‘शून्य सावली दिवस’ म्हणून तो दाखवला जातो. ज्या महिन्यात पारा सर्वांत वर जातो त्याच महिन्यात सूर्यही डोक्यावर असतो, हा दुहेरी मार छतावर बसतो. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत जवळजवळ ऊन लागत नाही. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो आणि दक्षिणेचे ऊन हवेसे वाटते. त्यामुळे ‘दक्षिण बाजू तापते’ ही सर्वसाधारण समजूत येथे उन्हाळ्यापुरती चुकीची आहे. काका दक्षिणेच्या खिडक्यांना जाड पडदे लावून बसले होते आणि पश्चिमेची खिडकी उघडी होती.

त्या खिडकीवर दीड फुटी छज्जा होता आणि तो पुरेसा आहे असा सर्वांचा समज होता. मेअखेर घड्याळात साडेचार वाजण्याच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सुमारे ३४ अंश वर असतो. त्या कोनात दीड फुटी छज्जा जेमतेम एक फूट सावली देतो. चार फूट उंचीच्या खिडकीचे उरलेले तीन फूट उघडेच राहतात आणि पाचनंतर तर छज्जा असून नसल्यासारखा होतो. हे गणित मी कागदावर मांडले नाही. साडेचारला काकांना खिडकीखाली उभे केले आणि सावलीच्या कडेवर खडूची रेघ मारली.

आता यादीकडे. माझ्या अनुभवात अशा यादीतील कामे ‘दिसणारी’ आणि ‘न दिसणारी’ अशी विभागली जातात आणि पैसे दिसणाऱ्या बाजूला जातात. या घरात उष्णतेच्या आधी दोन गोष्टी पाहणे भाग होते, आणि दोन्ही पाण्याशी निगडित होत्या.

पहिली म्हणजे तडे. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हलक्या एकमजली घरांना तिचा त्रास जड इमारतींहून अधिक होतो, कारण मातीला दाबून ठेवण्याइतके त्यांचे वजन नसते. या घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात खिडकीच्या कोनातून तिरका तडा वर गेलेला होता, आणखी दोन ठिकाणी बारीक तडे होते. तडा जुना आणि थांबलेला आहे की अजून हलतो आहे हे कळल्याशिवाय त्यावर पुट्टी व रंग चढवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. म्हणून तिन्ही तड्यांवर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या व शेजारी तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते. हा उपाय स्वस्त आहे, फक्त त्याला एक पावसाळा आणि एक उन्हाळा वाट पाहावी लागते, आणि घरमालकांकडे नेमका तेवढाच धीर नसतो.

दुसरी म्हणजे स्लॅब. न्हाणीघराच्या वरच्या भागात पोपडे निघून सळई उघडी पडली होती, गंजून फुगली होती. पावसाळ्यात तेथे ओल येत होती, पण ‘चार महिन्यांचा प्रश्न’ म्हणून वर्षानुवर्षे सोडून दिली गेली होती. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. उष्ण मरुभूमीतील घरांविषयी जे सल्ले छापले जातात त्यांत जाड भिंती, लहान खिडक्या, पांढरी छते, पाण्याचा गारवा असे सारे असते, पण पावसाचा विचार नसतो, कारण जैसलमेरसारख्या ठिकाणी वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास असतो. खान्देशात उन्हाळा त्या तोडीचा असला तरी त्यानंतर सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो. तेथला सल्ला जसाच्या तसा उचलून ओल्या स्लॅबवर उष्णतारोधक थर अंथरला, तर ओल आत कोंडली जाते आणि सळई अधिक वेगाने गंजते. म्हणून आमच्याकडे क्रम पाण्यापासून सुरू होतो.

कंत्राटदाराने जुन्या थरावरच विटांच्या तुकड्यांचा कोबा सुचवला होता. कोबा हे आपल्याकडचे परिचयाचे काम आहे आणि तो नीट केला तर टिकतोही. पण सरासरी साडेचार इंचांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोहून अधिक भार टाकतो. ९०० चौरस फुटांवर तो सतरा-अठरा टनांच्या पुढे जातो. तीस वर्षांच्या, सळई गंजलेल्या स्लॅबवर हे ओझे ठेवणे मला मान्य नव्हते. आधी जुना पोकळ थर काढून स्लॅब हलका करायचा आणि मग जे चढवायचे ते मोजूनमापून चढवायचे, असे ठरले.

येथे आजींचे म्हणणे नोंदवले पाहिजे. त्यांचे माहेर यावल तालुक्यातले. तेथे त्यांनी धाब्याच्या घरात बालपण काढले. लाकडी तुळया, त्यावर फळ्या व काड्या, त्यावर मातीचा जाड थर आणि दरवर्षी पावसाळ्याआधी वर पसरलेली खारी माती, असे ते छत. धाब्याच्या घरात दुपारी झोप लागायची, स्लॅबच्या घरात लागत नाही, असे त्या म्हणाल्या. यात केवळ जुन्या आठवणींची हळहळ आहे असे मला वाटत नाही. धाब्याची उणीव मोठी आहे. ते जड असते, दरवर्षी मेहनत मागते, उंदीर-विंचवांना आसरा देते आणि एक वर्ष खारी टाकायची राहिली तर गळते. परंतु त्याची रचना योग्य होती: उष्णता अडवणारा थर घराच्या बाहेरच्या अंगाला, उन्हाच्या बाजूला. पीओपीचे छत याच्या नेमके उलट करते. ते स्लॅबला पूर्ण तापू देते आणि मग आपण व स्लॅब यांच्यामध्ये पडदा धरते. शिवाय खोलीची उंची घटते, पंखा खाली येतो आणि, जे मला सर्वांत जास्त खटकते, गळती व गंज नजरेआड जातात. यादीतून पहिली काट पीओपीवर मारली.

गच्चीवर पत्र्याची शेड टाकावी, असा मुलाचा प्रस्ताव होता. तो निराधार नव्हता. शेडमुळे स्लॅबवर सावली पडते, मध्ये हवा खेळते आणि पाऊसही अडतो. आमच्या भागात कित्येक घरांनी हेच केले आहे. पण या घरातील गच्ची ही रिकामी जागा नव्हती. चैत्र-वैशाखात तेथे बिबडे, कुरडया, पापड वाळत घातले जात आणि रात्री सडा मारून अर्धे घर तेथेच झोपत असे. पत्र्याखाली रात्रीचे मोकळे आभाळ मिळत नाही, वाळवणाला ऊन मिळत नाही आणि मे-जूनच्या वादळात, ज्यात केळीच्या बागा आडव्या होतात, पत्रे उडण्याची धास्ती कायम राहते. काकूंनी शेडला ठाम नकार दिला आणि मला त्यांचे पटले. गच्चीचा उपाय गच्चीच्या वापरावरून ठरवावा लागतो. जेथे कोणी वर जात नाही तेथे शेड किंवा नुसता परावर्तक रंग पुरतो. जेथे माणसे वावरतात तेथे पायाखाली टिकणारा, न घसरणारा पृष्ठभाग हवा.

मोठा खर्च करण्यापूर्वी एक लहान प्रयोग केला. त्याच मे महिन्यात गच्ची झाडून-धुऊन चुन्यात चिकटद्रव्य घालून दोन हात दिले. खर्च काही हजारांचा, काम दीड दिवसाचे. त्यानंतर तशाच ४४ अंशांच्या दिवशी गच्चीचा पृष्ठभाग ४९ अंशांवर आणि छताचा खालचा पृष्ठभाग संध्याकाळी ३८ ते ३९ वर राहिला. चार-पाच अंशांचा हा फरक कुटुंबाला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक पटवून गेला. ज्यांच्याकडे पाच लाख नाहीत, त्यांनी एवढेच करावे आणि दर वर्षी होळीनंतर करावे. अहमदाबादच्या महापालिकेने २०१३ पासून जो उष्णता कृती आराखडा राबवला त्यातही पुढे अशा पांढऱ्या छतांना स्थान मिळाले. मात्र चुना पहिल्या पावसाळ्यात बराच धुऊन जातो आणि मार्च-एप्रिलच्या धुळीने त्याचा पांढरेपणा लवकर मळतो. म्हणून तो या घरात कायमचा उपाय ठरला नाही.

कायमच्या उपायासाठी दोन इंची एक्सपीएसच्या, म्हणजे वितळवून साच्यातून दाबाने बाहेर काढलेल्या पॉलिस्टायरीन फोमच्या पाट्या निवडल्या. नेहमीचा पांढरा थर्माकोल ओझ्याखाली दबतो व पाणी धरतो, या पाट्या धरत नाहीत. त्यांचा उष्णतारोध किती, हे सांगताना मी काकांना एक हिशेब दिला: दोन इंची पाटी जेवढी उष्णता अडवते तेवढी काँक्रीटने अडवायची असेल, तर स्लॅब सुमारे आठ फूट जाड करावा लागेल. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये आलेल्या ‘इको निवास संहिते’ने छतातून वाहणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा, प्रत्येक अंश फरकामागे चौरस मीटरला १.२ वॅट, अशी ठरवली होती. उघडी पाच इंची स्लॅब तिच्या अडीच पटींहून अधिक उष्णता आत सोडते. ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती, तेव्हा या घराला तिचे बंधन नव्हते, पण मोजपट्टी म्हणून ती उपयोगी पडली. पाट्या टाकल्यावर हे घर त्या मर्यादेच्या निम्म्याजवळ आले.

आता स्वयंपाकघर. या मुद्द्यावर माझी चूक झाली आणि ती सांगितली पाहिजे. मॉड्युलर स्वयंपाकघराचे दोन लाख दहा हजार मी पहिल्याच वाचनात ‘सजावट’ या सदरात टाकले होते. वहिनी त्यावर काही बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी सहाला मला ओट्याशी उभे राहायला सांगितले. स्वयंपाकघर वायव्य कोपऱ्यात, एकच खिडकी आणि तीही पश्चिमेला, धूर जायला वाट नाही, वर ४३ अंशांचे छत आणि समोर दोन शेगड्या. मोठी शेगडी पूर्ण आचेवर साधारण दोन किलोवॉट उष्णता देते. एक टनाचा एसी खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढतो ती साडेतीन किलोवॉट असते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन शेगड्यांजवळ भाकरी थापणाऱ्या बाईची स्थिती समजते. “मला ट्रॉल्या नकोत, पाच ते आठ तिथं उभं राहता आलं पाहिजे,” असे त्या म्हणाल्या. यादीवर ‘मॉड्युलर’ हा शब्द काकांनी दुकानातून आणला होता. मागणी मुळात उष्णतेची होती आणि घरात सर्वांत जास्त तास सर्वांत तापलेल्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसाची होती.

त्यानंतर मी यादी वेगळ्या रीतीने मांडली. कामांची नावे बाजूला ठेवून घरातील माणसे, त्यांची जागा आणि त्यांचे तास लिहिले. दुपारी एक ते पाच आजी आणि नातवंडे नैर्ऋत्येच्या खोलीत. पाच ते आठ वहिनी स्वयंपाकघरात. रात्री दहानंतर आजी पश्चिम भिंतीलगत. काका-काकू व मुलगा गच्चीवर किंवा पूर्वेच्या खोलीत. ज्या दिवाणखान्यात एक एसी बसवायचा होता तेथे दुपारी कोणीच नसे. असा कागद प्रत्येक घराने करावा, असे मी आता सांगतो.

पश्चिम बाजूसाठी झाड लावण्याची सूचना सर्वांनी केली. कडुनिंबाची सावली उत्तमच, पण काळ्या मातीत पायाजवळचे मोठे झाड उन्हाळ्यात मातीतले पाणी ओढते आणि भिंतीखालची जमीन अधिक आकसते. ज्या कोपऱ्यात आधीच तडा होता तेथे हे करणे योग्य नव्हते. निंब कुंपणाच्या टोकाला, भिंतीपासून दूर लावला. तो मोठा होईल तेव्हा होईल. तोवर भिंतीपासून दोन फुटांवर पाइपांचा सांगाडा उभारला, त्यावर शेतीच्या दुकानात मिळणारी ७५ टक्के सावलीची शेडनेट ताणली आणि पायथ्याशी कुंड्यांत वेल लावून त्यांना ठिबकची नळी जोडली. शेडनेट आणि ठिबक या दोन वस्तू खान्देशात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. घरासाठी त्या वापरायचे फारसे कोणाला सुचत नाही, एवढेच. या साऱ्याला बावीस हजार लागले. ऊन काचेच्या बाहेर अडवले तर अडले. काचेतून आत आल्यावर पडद्याने ते अडवल्यासारखे वाटते, पण उष्णता खोलीतच राहते.

कामाचा काळ ठरवताना आखाजीचा आग्रह सोडवावा लागला. काकांना मार्च-एप्रिलमध्ये काम धरायचे होते. सिमेंटच्या कामाला तो काळ सर्वांत वाईट. कोरड्या तापत्या हवेत पृष्ठभागातले पाणी तासाभरात उडते आणि बारीक भेगा पडतात. भारतीय मानक ४५६ प्रमाणे उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवले पाहिजे, आणि त्या वसाहतीत उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून पावसाळ्यात केवळ निरीक्षण, दिवाळीनंतर काम आणि फेब्रुवारीच्या आत समाप्ती, असे ठरले. पावसाळ्यात गच्चीवर पाणी कोठे साचते, भिंतीच्या पायाशी कोठे मुरते, हे मुलाने मोबाइलवर टिपून ठेवले. त्या छायाचित्रांमुळे दोन गोष्टी कळल्या: गच्चीचा उतार ईशान्येऐवजी मध्याकडे होता, आणि पन्हळीचे पाणी थेट नैर्ऋत्य कोपऱ्याच्या पायाशी पडत होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये काम सुरू झाले. आधी जोत्याभोवती तीन फुटी पक्की पट्टी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि पन्हळीचे पाणी नळीने दूर. मग न्हाणीघरावरच्या स्लॅबची दुरुस्ती: सैल काँक्रीट पाडून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मसाल्याने भरणे. त्यानंतर जुना थर काढून शंभराला एक असा उतार, कठड्याच्या कोनात गवंडी ज्याला वाटा म्हणतात ती गोलाई, जलरोधक थर, आणि अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून तपासणी. पहिल्या तपासणीत जिन्याच्या टोपीजवळ, म्हणजे गच्चीवर जिना झाकणाऱ्या छोट्या खोलीजवळ, ओल दिसली. पाइप ज्या छिद्रातून जात होता ते नीट बुजवलेले नव्हते. पाट्या त्याआधी टाकल्या असत्या तर ती गळती शोधणे अशक्य झाले असते. पाट्यांवर दोन इंची सिमेंटचा थर व पांढरी चायना मोझॅक, म्हणजे चिनीमातीच्या फरशांच्या तुकड्यांचा थर. पाट्या व मोझॅकचे एक लाख बावन्न हजार, उतार व जलरोधनाचे एक लाख पाच हजार. निम्म्याहून अधिक रक्कम अशी गच्चीतच गेली, आणि ‘लोकांना दाखवायला काहीच नाही’ ही काकांची तक्रार त्या महिन्यांत मी बऱ्याचदा ऐकली.

मोझॅकच्या आधी एक दूरचा विचार केला होता: पुढेमागे सौर पॅनेल बसवायचे झाले तर त्यांचे पाय जलरोधक थराला भोसकू नयेत म्हणून सहा ठोकळे आधीच ओतून त्यांच्याभोवती थर वळवून घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना जाहीर झाली आणि तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले, तेव्हा हे ठोकळे दूरदृष्टीचे ठरले. खरे तर तो निव्वळ सावधपणा होता.

स्वयंपाकघरात उत्तरेच्या भिंतीत नवी खिडकी पाडली, ओटा पश्चिमेकडून उत्तरेला हलवला, शेगडीच्या वर बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि सर्व खिडक्यांना डासांच्या जाळ्या लावल्या. या साऱ्याला चौसष्ट हजार लागले. जाळ्या किरकोळ वाटतात, पण त्यांच्याशिवाय रात्री खिडक्या उघडता येत नाहीत, आणि आमच्या कोरड्या हवेत रात्रीचा गार वारा घरात घेणे व सकाळी नवाच्या आत खिडक्या लावून घेणे हा बिनखर्ची उपाय आहे. जिन्याच्या टोपीचे दार रात्री उघडे ठेवले की तापलेली हवा तेथून वर निघून जाते. तेथे जाळीचे दार बसवले.

यंत्रांचा निर्णय शेवटी घेतला. कूलर एक, खिडकीबाहेर. एप्रिलमध्ये ४३ अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर हवा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत आणू शकतो, अट अशी की समोरची खिडकी उघडी असली पाहिजे. बंद खोलीतला कूलर तासाभरात खोली दमट करतो. मोठा कूलर मात्र ताशी वीस लिटरच्या आसपास पाणी पितो, म्हणून त्याला वेगळी टाकी जोडली. जूनअखेरपासून तो निरुपयोगी होतो. यासाठी आणि उष्णतेच्या लाटेसाठी आजींच्या खोलीत एक टनाचा एसी शिलकीच्या रकमेतून घेतला. त्या वयाच्या व्यक्तीसाठी मी एसीला चैन मानत नाही. फक्त तो अशा खोलीत असावा जिचे छत व भिंत आधी सावरली आहे. दुसरा एसी, पीओपी, कुंपणभिंत आणि रंग राहिले.

१० मे २०२४ ला आखाजी होती. बाहेर ४४ अंश असताना छताचा खालचा पृष्ठभाग संध्याकाळी ३४ ते ३५ वर होता. पश्चिम भिंत रात्री ३६ वर होती. तेथे अधिक करण्यासारखे आहे, पण वेल अजून अर्ध्यावरही चढलेली नाही. कुंपणभिंत जुनीच होती आणि घराला रंग नव्हता, यावर थोरल्या जावयांनी शेरा मारल्याचे काकांनी मला सांगितले. गच्चीबद्दल एक तक्रार खरी निघाली: पांढऱ्या मोझॅकवर दुपारी डोळे दिपतात. वाळवण घालणाऱ्या काकू आता सकाळी लवकर वर जातात.

काचेच्या तीन पट्ट्यांपैकी दोन एक पावसाळा व एक उन्हाळा पार करून अखंड राहिल्या, तेव्हा श्रावणात कानबाई (खान्देशातील देवीचा उत्सव) बसण्याआधी पूर्व व उत्तर भिंतींना रंग दिला. नैर्ऋत्य कोपऱ्यातील तिसरी पट्टी भाद्रपदात तडकली. पाया उघडून पाहिला तर मोरीची जमिनीखालची नळी सांध्यातून गळत होती. जोत्याची पट्टी बाहेरचे पाणी अडवत होती आणि आतून हे चालू होते. नळी बदलली, तड्यावर नवी पट्टी लावून शेजारी नवी तारीख लिहिली. त्या भिंतीला रंग अजून दिलेला नाही.